अंगणातला पोहायचा टब : आजचं पाणी आजच

  मी आरोग्यसेविका आहे. गावोगाव, पाड्यापाड्यावर फिरणं हेच माझं काम. आज तुमच्याशी एका साध्या गोष्टीवर बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे मुलांचा पोहायचा टब.

तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? पण गेल्या काही वर्षांत मे महिन्यात घरभेटीला गेले की तीन-चार अंगणांत तरी हा टब दिसतोच. निळा, गुलाबी, माशांची चित्रं असलेला, हवा भरून फुगवायचा. कल्याण-डोंबिवलीला कामाला असलेला मुलगा सुट्टीत बायकामुलांना घेऊन गावी येतो आणि येताना लेकरांसाठी टब आणतो. दुपारी ऊन रणरणत असतं, मुलं पाण्यात डुंबतात, घर हसतं. मलाही बघून बरं वाटतं. पण त्या पाण्याचं पुढं काय होतं, ते कोण बघतं? मुलगा सोमवारी पहाटे कामाला निघून जातो. टब, पाणी आणि नातवंडं राहतात आजीच्या गळ्यात.

अशाच एका घरी मी गुरुवारी गेले होते. टब शनिवारी भरलेला. घरातल्या दोन लहान मुलांना जुलाब होत होते. मी म्हटलं, "आजी, हे पाणी कधीचं?"

आजी म्हणाल्या, "शनवारचं. का गं बाई? बघ की, कसं निवळशंख आहे. तळाचं चित्र दिसतंय."

"दिसतंय खरं. पण आजी, जरा कडेला आतून हात फिरवून बघा."

आजींनी हात फिरवला आणि चटकन मागं घेतला. "अगं बाई, बुळबुळीत लागतंय."

मग आम्ही दोघींनी वाकून नीट पाहिलं. कडेला बारीक अळ्या वळवळत होत्या. डासांच्या. आजी गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "नर्सबाई, सुनेनं विहिरीवरून हंडे आणून भरलंय हे. ओतून द्यायचा जीव होईना."

मैत्रिणींनो, आजींचं हे बोलणं माझ्या मनात राहिलं. मुलांना जुलाब त्या टबामुळंच झाले, असं मी छातीठोक सांगणार नाही. जुलाबाची कारणं पुष्कळ असतात. पण ते पाणी पाच दिवस का राहिलं, त्याचं कारण आळस नव्हतं. कारण होतं डोक्यावरून आणलेल्या पाण्याची किंमत. म्हणून आज मी नुसतं "पाणी ओतून द्या" असं सांगून थांबणार नाही. पाणी वायाही जाऊ नये आणि लेकरंही आजारी पडू नयेत, हे दोन्ही कसं साधायचं ते बोलू.

छोट्या टबातलं पाणी एवढं लवकर का बिघडतं?

आपण लहानपणी काळू नदीत, ओढ्याच्या डोहात डुंबलो. तेव्हा काही झालं नाही, मग आता टबाचं एवढं काय, असं पुष्कळ जणी विचारतात. पहिली गोष्ट, तेव्हाही आजार होतेच. पण फरक असा आहे की नदीचं पाणी वाहतं आणि खूप असतं. टबात पाणी असतं मोजक्या बादल्या. ते हलत नाही, कुठं जात नाही. त्यात जे पडलं ते तिथंच राहिलं.

आणि त्यात पडतं काय काय? मुलांच्या अंगावरचा घाम आणि धूळ. अंगणातून अनवाणी आलेल्या पायांची माती. त्या मातीत कोंबडीची विष्ठा आली, शेळीच्या लेंड्या आल्या. नाकातला शेंबूड. लहान मूल पाण्यात बसलं की शू करतंच, त्यात त्याचा दोष नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याचं ढुंगण नीट धुतलेलं नाही त्याच्या अंगाला लागलेली थोडीशी शी. डोळ्यांना ती दिसणारसुद्धा नाही. पण जुलाबाचे जंतू इतके बारीक असतात की एवढ्याशा घाणीतही ते लाखोंनी असतात. पाणी वरून काचेसारखं दिसतं आणि आत जंतू असतात. म्हणून "पाणी स्वच्छ दिसतंय" याला काही अर्थ नाही.

मूल त्या पाण्यात काय करतं? तोंड बुडवतं, चूळ भरतं, गिळतं. तुम्ही कितीही ओरडा, दोन वर्षांचं लेकरू टबातलं पाणी पिणारच. म्हणजे एकाच्या अंगावरची घाण दुसऱ्याच्या पोटात गेली.

वर आपलं ऊन. उथळ पाणी दुपारपर्यंत कोमट होतं. कोमट पाणी जसं मुलांना आवडतं तसं जंतूंनाही आवडतं. एक-दोन दिवसांत टबाच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरतो. तो थर म्हणजे जंतूंनी स्वतःसाठी बांधलेलं घरच. नुसतं पाणी बदललं आणि थर तसाच राहिला, तर नवं पाणी तासाभरात पुन्हा बिघडू लागतं. घासणी मारल्याशिवाय तो निघत नाही.

जुलाबाशिवाय आणखीही त्रास होतात. डोळे येतात, कान फुटतो, अंगावर पुरळ उठतो. घरात कुणाला खरूज असली तर एकत्र खेळताना आणि एकच टॉवेल वापरताना ती सगळ्यांना लागते.

औषध टाकून पाणी टिकवता येईल का?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. कुणी तुरटी फिरवतं, कुणी कडुलिंबाचा पाला टाकतं, कुणी मीठ, कुणी झाकणभर जंतुनाशक ओततं. एकेक करून सांगते.

तुरटीनं गढूळपणा खाली बसतो. पाणी निवळतं, पण जंतू मरत नाहीत, आणि खाली बसलेला गाळ मुलं उतरली की पुन्हा वर येतो. कडुलिंबाचा पाला पाण्यातच कुजतो आणि घाणीत भर घालतो. मुठीभर मिठानं काही होत नाही. आणि जखमेसाठी असलेलं जंतुनाशक मुलांच्या डोळ्यांत, तोंडात जाण्यासाठी केलेलं नाही. ते टबात ओतू नका.

मग राहिली आपली टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टाकतो तीच. तिच्यात क्लोरीन असतो आणि क्लोरीन जंतू मारतो, हे खरं. पण त्याचं काम कसं चालतं ते समजून घ्या.

आपल्याच शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं. ते जसंच्या तसं जात नाही. वाटेत पिसे-पांजरापूरला त्याचं शुद्धीकरण होतं. आधी तुरटीसारखं औषध घालून गाळ खाली बसवतात, मग वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. कारण क्लोरीन घाणीशी लढताना स्वतः खर्च होतो. पाण्यात माती, घाम, शू जास्त असेल तर सगळा क्लोरीन त्यातच संपतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही.

आता आपला टब बघा. गाळणं नाही, पाणी फिरवणारी मोटर नाही. थोडं पाणी आणि त्यात चार मुलं. वरून कडक ऊन. उन्हानंही क्लोरीन दोन-तीन तासांत बराचसा उडून जातो. म्हणजे सकाळी टाकलेली पावडर दुपारी कामाची उरत नाही. आणि थोडी जास्त पडली तर मुलांचे डोळे चुरचुरतात, कातडी सोलवटते. शंभर लिटर पाण्याला लागणारी पावडर चिमटीएवढी असते. ती चिमूट घरी अंदाजानं मोजता येत नाही. शिवाय जुलाबाचे काही जंतू असे चिवट आहेत की नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही ते आठवडाभर जगतात.

म्हणून मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट ही : छोट्या टबातलं पाणी स्वच्छ 'ठेवता' येत नाही. ते फक्त बदलता येतं. आजचं पाणी आजच वापरायचं आणि आजच काढायचं. यापेक्षा सोपा आणि खात्रीचा उपाय नाही.

मग एवढं पाणी आणायचं कुठून?

इथंच आजींचा प्रश्न येतो. रोज टब भरायचा म्हणजे रोज पाणी हवं. आपल्या तालुक्यांचं दुखणं तुम्हाला माहीतच आहे. भातसा, तानसा, वैतरणेवरची धरणं आपल्या उशाला, आणि एप्रिल-मे लागला की शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा आधी हिशोब करू.

जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी मिळावं असं धरलेलं आहे. त्यात पिणं, स्वयंपाक, अंघोळ, कपडे, भांडी सगळं आलं.

आता पाच फूट रुंदीचा गोल टब घ्या आणि तो वीतभर भरा. त्याला साधारण 400 लिटर पाणी लागतं. पंधरा लिटरच्या सव्वीस-सत्तावीस बादल्या. म्हणजे सात माणसांचं दिवसभराचं पाणी एका टबात गेलं. एवढं पाणी रोज ओतणं आपल्याला परवडणार नाही, आणि म्हणूनच ते पाच-पाच दिवस राहतं.

पण तीन फुटांचा टब घ्या आणि चार बोटंच भरा. साधारण 50 लिटर लागतात. साडेतीन बादल्या. एका माणसाच्या दिवसाच्या पाण्यापेक्षाही कमी. चार फुटांचा टब चार बोटं भरला तर सहा बादल्या. लहान मुलांना खेळायला एवढं पाणी पुष्कळ होतं. त्यांना पोहायचं थोडंच असतं? त्यांना बसायचं असतं, चापट्या मारायच्या असतात, मगानं ओतायचं असतं.

तेव्हा टब आणायचाच असेल तर लहान आणा, आणि मोठा आणला असेल तर चार बोटंच भरा. टबाला बाहेरून रंगानं एक खूण करून ठेवा, म्हणजे पाणी भरायची हौस असलेल्या मंडळींना कळेल की इथं थांबायचं आहे.

आणि ते पाणी ओतायचं म्हणजे गटारात सोडायचं नाही. त्याला दुसरं काम द्यायचं. संध्याकाळी मुलं बाहेर आली की बादलीनं काढून केळीला, पपईला, नारळाला, दारच्या आंब्याच्या कलमाला घाला. पाण्यात साबण किंवा पावडर टाकलेली नसते, त्यामुळं झाडाला काही होत नाही. फक्त कोथिंबीर, मुळा, मेथी अशा भाजीवर हे पाणी शिंपडू नका, कारण आपण त्यातली काही कच्ची खातो. त्या दिवशी त्या झाडांना घालायचं पाणी तुम्ही वाचवलंत. म्हणजे हंडा वाया गेला नाही, वाटेत जरा लेकरांना खेळवून झाडाकडं गेला.

आणि जिथं टँकरनं पाणी येतं त्या पाड्यावरच्या मैत्रिणींना मी सांगेन, टब भरूच नका. मुलांच्या मजेला टब लागतोच असं नाही. एक बादली पाणी, एक मग, एक चाळणी आणि तळाला भोकं पाडलेला जुना डबा द्या. झाडाच्या आळ्यातच त्यांना बसवा. डब्यातून पाऊस पाडतील, एकमेकांना भिजवतील, आणि सगळं पाणी झाडाच्या मुळाशी जाईल. एका बादलीत अर्धा तास दुपार निघते.

रोजची पद्धत

आता टब वापरायचा कसा, ते क्रमानं सांगते. बचत गटाच्या वहीत लिहून घ्या.

पहिलं, टबाची जागा. झाडाच्या किंवा मांडवाच्या सावलीत ठेवा. गोठ्यापासून, उकिरड्यापासून आणि शोषखड्ड्यापासून लांब. खाली काटे-खडे नसावेत. जुनं गोणपाट अंथरा.

दुसरं, पाणी. वापरायच्या पाण्यातलं चांगलं पाणी घ्या. पिण्यालायक विहिरीचं, बोअरचं किंवा नळाचं. तळ्यातलं, डबक्यातलं पाणी नको. मूल ते पिणार आहे हे धरूनच चाला.

तिसरं, आधी मुलं धुवायची. प्रत्येकाला शी-शू करायला लावा. ढुंगण साबणानं धुवा. हातपाय धुवा. टबाशेजारी एक बादली पाणी आणि तांब्या ठेवा. खेळता खेळता बाहेर पळालेलं पोर पुन्हा आत शिरताना तांब्याभर पाण्यानं पाय धुऊनच आत जाईल. एवढं एक केलंत तरी निम्मी घाण टबाबाहेर राहते.

चौथं, कोण उतरणार नाही ते ठरवा. ज्याला जुलाब होतायत, ज्याचे डोळे आलेत, ज्याच्या अंगावर वाहती जखम किंवा खरूज आहे, ते मूल टबात नको. जुलाब थांबल्यावरही काही जंतू दोन आठवड्यांपर्यंत शौचातून पडत राहतात, म्हणून तेवढे दिवस थांबा. लेकरू रडेल, पण त्याला वेगळी बादली-मग द्या. आणि कुत्रं, कोंबड्या टबाजवळ येऊ देऊ नका.

पाचवं, वेळ. एक-दीड तास खेळ पुरे. दर अर्ध्या तासानं मुलांना शू करायला बाहेर काढा, पिण्याचं पाणी पाजा. तहान भागलेली असली की टबातलं पाणी कमी पितात.

सहावं, खेळ संपला की टब लगेच रिकामा करा. साबण किंवा भांड्याची पावडर घेऊन काथ्यानं किंवा मऊ घासणीनं आतून घासा. घड्यांमध्ये आणि तळाच्या शिवणीवर जास्त लक्ष द्या, थर तिथंच धरतो. तांब्या-दोन तांबे पाण्यानं विसळा.

सातवं, टब उन्हात वाळवा. आधी आतली बाजू वर करून चांगला चार तास ऊन खाऊ द्या, पूर्ण कोरडा होऊ द्या. ऊन आणि कोरडेपणा हे जंतूंचे मोठे शत्रू, आणि आपल्याकडं ते फुकट आहेत. वाळला की उपडा घाला, नाहीतर पडवीत उभा करून ठेवा. संध्याकाळी खेळून झालं असेल तर घासून रात्रभर उपडा ठेवा आणि सकाळी ऊन दाखवा.

आठवड्यातून एकदा, किंवा कुणी टबात शी केली तर त्याच दिवशी, टबाला ब्लीचिंगचं पाणी लावा. अर्ध्या बादली पाण्यात चहाचे दोन चमचे पावडर कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी घ्या. आधी घासून घेतलेल्या टबाला ते आतून सगळीकडं लावा, दहा मिनिटं ठेवा, मग स्वच्छ धुऊन वाळवा. हे काम मोकळ्या हवेत करा, हाताला प्लास्टिकची पिशवी किंवा हातमोजा घाला, मुलांना लांब ठेवा. संडास धुवायचं ॲसिड किंवा लिक्विड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. आणि हे ब्लीचिंगचं पाणी झाडांना घालू नका.

टबात शी झाली तर वरची घाण काढून खेळ पुढं चालू ठेवायचा नाही. सगळी मुलं बाहेर, साबणानं अंघोळ, पाणी संडासात किंवा शोषखड्ड्यात, आणि टबाला ब्लीचिंग. त्या दिवशी टब बंद.

डासांचं गणित

आता त्या अळ्यांविषयी. डेंग्यू आणि चिकनगुनियाचा डास घाण गटारात वाढत नाही. त्याला आपल्या घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणीच लागतं. पिंप, रांजण, फ्रीजमागचा ट्रे, टायर आणि हा टब. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडाभर लागतो. म्हणून तर आम्ही आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो. रोज रिकामा होणाऱ्या टबात डास वाढूच शकत नाही.

पण एक गोम आहे. हा डास अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवतो. पाणी ओतलं तरी अंडी तिथंच चिकटून राहतात आणि कोरडी असली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, भिंत घासायला हवी.

याच कारणानं जूनमध्ये पहिला पाऊस पडायच्या आत टब घासा, वाळवा, हवा काढा, घडी करा आणि माळ्यावर टाका. मुलं शाळेत गेली, सुट्टी संपली, आणि टब परसात तसाच पडून राहिला, असं पुष्कळ घरी होतं. मग पावसाचं पाणी साचतं, उंदीर-घुशी त्यात येतात, मुततात. पावसाळ्यात आपल्याकडं लेप्टो होतो, तो अशाच पाण्यातून. टब फाटला असेल तर तोही परसात टाकू नका. फाटक्या टबाच्या घडीतसुद्धा वाटीभर पाणी साचतं आणि डासाला वाटी पुरते.

सगळ्यात मोठी भीती

मैत्रिणींनो, आता जे सांगते ते नीट ऐका. जुलाब झाले तर आपण औषध देऊ, मूल बरं होईल. पण लहान मूल चार बोटं पाण्यातही बुडतं. खरं सांगतेय. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. ते तोंडावर पडलं तर त्याला मान वर काढता येत नाही. आणि बुडणारं मूल ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. गुपचूप बुडतं. दोन-तीन मिनिटं पुरतात. चुलीवरचा भात उतरवून येईपर्यंत.

म्हणून मुलं पाण्यात असतील तोवर एक मोठं माणूस टबाच्या हाताच्या अंतरावर बसलेलं हवं. स्वयंपाकघरातून लक्ष ठेवून चालत नाही. थोरल्या बहिणीला, सात-आठ वर्षांच्या पोरीला, "जरा बघ गं" म्हणून बसवणं हे राखण नाही. तीसुद्धा मूलच आहे. हातात फोन नको. उठायचं असेल तर मूल टबातून काढून बरोबर घ्यायचं. म्हाताऱ्या आजीला चार नातवंडं एकटीनं सांभाळायला लावू नका. सुनेला आणि आजीला काम असेल तर घरातल्या पुरुषमाणसानं बसावं. टब आणायची हौस त्याची, तर राखणही त्याची.

भरलेला टब एकटा सोडायचा नाही, हा नियम जंतूंसाठी जितका खरा तितकाच इथंही. वर झाकण, ताडपत्री टाकूनही चालत नाही. मूल त्याखाली सरकलं तर दिसणारही नाही.

दुर्दैवानं कुणी बुडालंच तर ताबडतोब बाहेर काढा. पाय धरून उलटं लटकवू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो. श्वास नसेल तर पाठीवर निजवा, हनुवटी थोडी वर करा आणि तोंडानं श्वास द्या. दुसऱ्या कुणीतरी 108 ला फोन करा. श्वास सुरू झाला तरी डॉक्टरला दाखवायलाच हवं. श्वास कसा द्यायचा हे ऐकून येत नाही, हातानं शिकावं लागतं. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला आरोग्य केंद्रातल्या कुणाला तरी बोलवा आणि शिकून घ्या.

जुलाब झालेच तर

टब असो वा नसो, उन्हाळ्यात हे लक्षात ठेवा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सगळी एकदम घाला. ते पाणी 24 तासांत संपवा, उरलं तर टाकून द्या. मुलाला थोडं थोडं, चमच्या-चमच्यानं पाजत राहा. अंगावरचं दूध बंद करू नका, जेवण बंद करू नका. आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घ्या आणि जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्या. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, पाणी पीत नाही, उलटीत काही टिकत नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबू नका. दवाखाना गाठा.

पाहुण्यांसाठी टाकी असेल तर

माळशेजच्या वाटेवर, बारवीच्या बाजूला आता घरगुती मुक्कामाची सोय पुष्कळ ठिकाणी झाली आहे. काही गटही पाहुण्यांना जेवण-राहणं देतात. पाहुण्यांच्या मुलांसाठी तिथं पक्की, बांधलेली छोटी टाकी असते. ती रोज रिकामी करणं शक्य नाही, म्हणून तिथला नियम वेगळा. तिला गाळणयंत्र आणि पाणी फिरवणारी मोटर हवीच. पाण्यातला क्लोरीन लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम आणि पीएच 7.2 ते 7.8 यांच्यामध्ये राहिला पाहिजे, आणि हे दिवसातून निदान दोनदा तपासून वहीत लिहिलं पाहिजे. पीएच वर गेला तर क्लोरीन असूनही त्याचं बळ कमी होतं. चारी बाजूंनी कुंपण आणि कुलूप लागणारं फाटक हवं.

एक गंमत सांगते. टाकीजवळ गेलं की औषधाचा उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, आणि लोक म्हणतात, "व्वा, किती स्वच्छ!" खरं तर उलटं असतं. घाम आणि शू यांच्याशी क्लोरीन मिसळला की तो उग्र वास येतो. चांगल्या राखलेल्या पाण्याला फारसा वास नसतो. आणि गाळणयंत्र, तपासणी हे जमत नसेल तर टाकी कोरडी ठेवलेली बरी. पाहुण्यांचं मूल आजारी पडलं तर गटाचं नाव जातं.

तुम्ही विचारलेलं

काही मैत्रिणींनी विचारलंय, "आमच्याकडं टब नाही. वापरायच्या पाण्याचा सिमेंटचा हौद आहे, मुलं त्यातच उतरतात. चालेल का?" अजिबात नाही. त्याच पाण्यानं तुम्ही भांडी घासता, तोंड धुता. आणि हौद खोल असतो. त्याला घट्ट झाकण करून घ्या.

"पाणी उन्हात तापलं की जंतू मरतात ना?" पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत निवळ पाणी भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवली तर बरेच जंतू मरतात, हे खरं. पण उघड्या टबात तसं होत नाही. तिथं पाणी नुसतं कोमट होतं आणि मुलं घाण टाकत राहतात.

"गप्पी मासे सोडले तर?" गप्पी मासे विहिरीत, मोठ्या टाक्यात सोडा. ते अळ्या खातात, जंतू खात नाहीत. मुलांच्या टबात त्यांचं काम नाही.

"ज्या विहिरीचं पाणी टबात घालतो, ते चांगलं आहे हे कसं कळणार?" चांगला प्रश्न. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासायच्या पेटीचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. त्या तुमच्या गटातल्याही असतील. पावसाआधी आणि पावसानंतर विहीर तपासायला लावा. मुलांच्या टबापुरतं नाही, सगळ्या गावाच्या पिण्यासाठी.

जाता जाता

त्या आजींकडं मी आठ दिवसांनी पुन्हा गेले. नातवंडं बरी झाली होती. टब होता, पण तळाशी चार बोटंच पाणी होतं. टबाला लागून आजी पाटावर बसल्या होत्या, हातात नीट करायची भाजी. मला बघून म्हणाल्या, "नर्सबाई, आता शिळं पाणी नाही हो आमच्याकडं. बघ ती केळ."

केळीच्या बुंध्याशी जमीन ओली होती.

आपण शिळं अन्न लेकरांच्या ताटात वाढत नाही. तसंच शिळं पाणी त्यांच्या खेळात नको. पाणी थोडं घ्या, आधी मुलं धुवा, जवळ बसा, खेळ झाला की पाणी झाडाला घाला आणि टब घासून उन्हात वाळवा. गटाच्या बैठकीत हे एकदा मोठ्यानं वाचा, आणि ज्यांच्या घरी टब आहे त्यांच्या अंगणात जाऊन सगळ्यांनी मिळून कडेला आतून हात फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर रागावू नका. घासणी आणा.